शेरूचं पथ्य

आमच्या शेरूचं सांगतो. अंग खाजवून खाजवून त्याच्या पाठीवरचे केस गेले होते. राहुरीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला तपासून सांगितलं, "चपाती, बिस्किटं एकदम बंद. ह्या कुत्र्याला माशाचं खाद्य सुरू करा."

मला घामच फुटला. आमची आई माळकरी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. खाद्याची पिशवी मी गुपचूप गोठ्यात लपवली, पण वासानं आईला कळलंच. मग सगळं सांगून टाकलं. ती ऐकून घरात निघून गेली.

सकाळी बघतो तर आईच नाकाला पदर लावून शेरूला ते खाद्य वाढत होती!

"आई, तुला चालतं हे?"

"मला कशाला पाप लागतंय? माळ माझ्या गळ्यात हाय, त्याच्या गळ्यात पट्टा हाय!"