दोन डब्या, दोन झाकणं

—नाही, नाही, घाई करू नकोस, निवांत बस, मी आहे इथेच दाराशी. तुझी पर्स माझ्या खांद्याला आहे आणि येणारेजाणारे सगळे माझ्याकडे बघतायत, बघू देत. आपला नंबर यायला अजून दोन पेशंट आहेत, मी खिडकीतल्या बाईंना विचारून आलो. मी पाण्याची बाटली भरायला काय गेलो आणि तू संडासात शिरलीससुद्धा! सांगून तरी जायचंस. पण सांगणार कशी, कालपासून अबोला ना आपला! बरं, नको बोलूस. ऐकतेयस एवढंच कळू दे — दारावर एकदा टकटक कर. केलीस? झकास. जरा जोरातच केलीस, पण राग आहे तुझा, समजू शकतो मी.

तर अबोला कशावरून? त्या वहीवरून. आता वहीत मी काय खोटं लिहिलं सांग? डॉक्टर म्हणाले, केमो झाल्यावर दिवसातून किती वेळा पळावं लागतं ते रोज लिहा, त्यावरून मी पुढचा डोस ठरवणार. मी लिहिलं नऊ. तू खोडरबर घेऊन नवाचे दोन केलेस! अगं, मी मोजतो. संडासाची टाकी सोडल्याचा आवाज भिंतीतून सरळ माझ्या खुर्चीपर्यंत येतो — तू नळ सोडून ठेवतेस मला ऐकू येऊ नये म्हणून, पण नळ वेगळा वाजतो आणि टाकी वेगळी वाजते, इतकं कळतं मला. आणि वर मलाच म्हणालीस, "अहो, रिपोर्टमध्ये माझं पोट उत्तम आलंय, मग हे सगळं माझ्या मनाचंच असणार, मीच नाजूकपणा करतेय." ते ऐकलं आणि मी गप्पच झालो. तुला वाटलं रागावलो. रागावलो नव्हतो गं. त्या रिपोर्टबद्दल मला तुला काहीतरी सांगायचंय, तीन आठवडे सांगायचंय, समोरासमोर जमत नाही — आता मध्ये दार आहे तर सांगून टाकतो.

डॉक्टरांनी समजावलं होतं ते आठवतंय? तू तेव्हा झोपली होतीस, खरं म्हणजे मीच ऐकत होतो. औषध आपलं काम करतं, मग यकृत त्याला पुडक्यात बांधतं आणि आतड्याकडे पाठवून देतं, बाहेर टाकायला. मी म्हटलं, वा, म्हणजे यकृत आमच्याच धंद्यातलं! — डॉक्टर हसले नाहीत, जाऊ दे. पण आतड्यात असतात जंतू, करोडो, आणि त्यातल्या काहींना त्या पुडक्याला चिकटलेली साखर आवडते. ते पुडकं फाडतात, साखर खातात, आणि औषध पुन्हा मोकळं! मग ते आतड्यालाच सोलून काढतं. म्हणून एकच औषध, पण एकजण मजेत फिरतो आणि दुसरा नऊ वेळा पळतो. तीस वर्षं लोकांच्या घरचं सामान बांधतोय मी, आणि मी बांधलेलं खोकं वाटेत कुणी साखरेसाठी फोडलं असतं ना — काय? दोनदा टकटक? एकदाच ठरलं होतं. कुणाला घाई आहे का बाहेर? नाही, रांगेत कुणी नाहीये, मीच आहे. बस तू.

तर डॉक्टरांचा तो जंतूंचा अभ्यास. शौचाच्या नमुन्याची एक डबी पेशंटची, एक डबी घरातल्या माणसाची, एकाच स्वयंपाकातलं जेवणाऱ्याची, म्हणजे फरक कळतो. तुझी डबी, माझी डबी. चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे — अर्थात माझ्याकडे, घरात दुसरं कोण लावणार! आता हे बघ, चिठ्ठी कुठे लावायची? डब्याच्या अंगावर. झाकणावर कधीच नाही, कारण झाकणं फिरतात. कामावर माणसांना मी ओरडून ओरडून सांगतो. आणि मी, मी स्वतः, त्या दिवशी घाईघाईत चिठ्ठ्या लावल्या झाकणांवर. आणि झाकणं… बदलली गेली. चुकून. तुझं झाकण माझ्या डबीला, माझं तुझ्या. म्हणजे ते देवमाणसासारखं पोट आहे ना, ते माझं आहे. पुडकी फाडणारी टोळी तुझ्याकडे आहे. झालं. सांगितलं.

हसतेयस? की खोकलीस? घसा केवढा बसलाय गं, पुरुषासारखा आवाज येतोय, हेही वहीत लिहायला हवं.

मी तेव्हाच सांगणार होतो, शपथ. पण रिपोर्ट आला आणि तू हसलीस. आजार निघाल्यापासून पहिल्यांदा इतकी खदखदून हसलीस, सोफ्यावरून खाली यायची बाकी होतीस — "बघा, माझं पोट कसं गुणी, आणि हे, ह्यांच्या पोटात दरोडेखोर!" मग तुझ्या बहिणीला फोन, लेकीला फोन, समोरच्या शिंपीणबाईंना दारात उभं करून सांगितलंस. लेकीने माझं तळलेलं बंद केलं. तीन आठवडे मी उकडलेले बटाटे खातोय, ठणठणीत पोटाने! मेहुणी भेटली की आधी माझ्या पोटाकडे बघते आणि मग तोंडाकडे. पण तू हसत होतीस, म्हटलं खाऊ बटाटे, बटाट्यांनी कुणी मरत नाही. मला काय माहीत, हसून झाल्यावर तू त्याचा असा अर्थ लावशील? म्हणे, "माझं पोट चांगलं आहे म्हणजे मला त्रास होतच नाही!" होतो गं तुला त्रास. काल बेसिनला धरून उभी होतीस, ओठ पांढरे झाले होते, आणि मला म्हणालीस दात घासतेय. ब्रश कुठे होता हातात?

टकटक नको करूस, पुरतं ऐक. म्हणजे… चुकून म्हणालो ना मी. तुला पटलं? मलाही नाही पटत. तीस वर्षांत माझं एक खोकं चुकीच्या घरात उतरलं नाही, दोन डब्या काय चुकणार मी. मीच बदलली झाकणं. हो, मुद्दाम. स्वयंपाकघरात, तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा, हातमोजे घालून. कारण आदल्या दिवशी इथेच, ह्याच बाकावर, एक सोनेरी चष्मेवाला बसला होता, आणि तो म्हणाला की ज्याचं पोट वाईट निघतं त्याला औषध कमी देतात. झालं, माझ्या डोक्यात तेच. कमी औषध म्हणजे कमी मार, म्हणजे ते आत शिल्लक राहणार, म्हणजे तू… मला भीती वाटली गं. मला तू हवीयेस. म्हटलं, नऊ वेळा पळू दे, वीस वेळा पळू दे, मी दार धरून उभा राहीन, पण औषध पूर्ण मिळू दे. आणि गंमत ऐक — नंतर डॉक्टरांना आडून आडून विचारलं, तर म्हणाले, छे, तो नुसता अभ्यास आहे, डोस आम्ही त्या रिपोर्टवरून ठरवतच नाही! वहीवरून ठरवतो. म्हणजे ज्याला घाबरलो त्याने काहीच ठरत नव्हतं, आणि ज्याने ठरतं त्या वहीत तू माझ्यामुळे दोन लिहून बसलीस. तो चष्मेवाला पुन्हा भेटू दे मला. सापडला ना, उकडलेले बटाटे भरवतो त्याला.

म्हणून सांगतो, आता डॉक्टरांकडे गेलीस की खरं सांग. नऊ. डोस थोडा कमी करायचा तर करतील, गोळ्या देतील, सलाईन लावतील, त्यांना कळतं ते, मला कळत नाही. दोन ऐकून त्यांनी पुन्हा पूर्ण डोस चढवला तर… काल तू बेसिनला धरून तरी उभी होतीस, पुढच्या वेळी उभीही राहणार नाहीस. आणि झाकणांचं मी सांगतो त्यांना. ओरडू देत. अभ्यासातून काढून टाकू देत. सोबत नवीन डब्या आणल्यात मी, चिठ्ठ्या अंगावर लावून. तू फक्त बाहेर ये, माझ्यावर चीड, ह्या खिडकीतल्या बाईंच्या देखत दोन शब्द सुनाव, चालेल, पण "माझ्या मनाचंच आहे" हे पुन्हा म्हणू नकोस. नाजूक वगैरे काही नाहीस तू. तुझ्याइतकं चिवट माणूस मी पाहिलेलं नाही, आणि मी लोखंडी कपाटं उचलतो. ऐकलंस ना? कर एकदा टकटक.

हां, कडी निघाली. ये, हळू ये, हात दे—

तुम्ही कोण?

नाही, पण… मिशा… तुम्ही ह्याच दारातून… किती वेळ होतात आत? पहिल्यापासून? टकटक तुम्हीच करत होतात? अहो, मग बोलायचं नाही का! बोललात? कधी? "आत माणूस आहे" म्हणून दोनदा टकटक? असं असतं होय. बरं, माफ करा, ती सलाईनची नळी अडकलीय तुमची दाराच्या कडीत, थांबा, सोडवतो. हसू नका हो. हसा, हसा. पण माझी बायको कुठेय? निळा स्वेटर, डोक्याला रुमाल, माझ्या खांद्यापर्यंत येते — अहो खिडकीतल्या बाई, निळा स्वेटर बघितलात? कुठे? डॉक्टरांकडे? आत? दोन पेशंट होते ना आधी! आलेच नाहीत? कधी गेली ती? वही घेऊन? वही घेऊन गेली?

सरका हो, ती सलाईनची सळी बाजूला घ्या जरा. सरका!