सरकार पक्षाची भीती

बाबा : आधी खिडकी लाव, ऋता. मग बोल.

ऋता : का? बाजूच्या अंकलना मराठी कुठे येतं?

बाबा : गांजाला इथल्या मलाय भाषेतही गांजाच म्हणतात. तू मघापासून तोच शब्द ओरडते आहेस. उद्या लिफ्टमध्ये माझ्याकडे कसे बघतील ते? बँकेत नोकरी करतो मी, बाई.

ऋता : बाबा, हा मूट कोर्टचा खटला आहे, कॉलेजातला लुटुपुटीचा! अमेरिकेतला कायदा म्हणतो, गांजा घेणाऱ्यानं बंदूक बाळगायची नाही. मी त्या गांजा घेणाऱ्याची वकील.

बाबा : वा! एवढं लॉ शिकवलं ते यासाठी.

ऋता : बाजू चिठ्ठी टाकून मिळते. शनिवारी फायनल आहे. तू सरकारी वकील हो ना, प्लीज लाह.

बाबा : घरात तरी ते इथलं 'लाह' नको. आणि न्यायाधीश?

आई : मी आहे की. मेथी निवडता निवडता ऐकते. दोघंही जुड्या घ्या आणि सुरू करा.

ऋता : मिलॉर्ड...

आई : मिलेडी म्हण.

ऋता : मिलेडी, माझा अशील सुतार आहे. पाठ दुखते म्हणून झोपताना थोडा गांजा घेतो. त्याच्या राज्यात त्याला परवानगी आहे, देशाच्या कायद्यात नाही. घरात एक बंदूक, तीही कुलपात. आजवर कोणाच्या अंगावर धावून गेला नाही. तरी बंदूक सापडली म्हणून त्याच्यावर खटला.

बाबा : नशा करतो ना? संपलं मग.

आई : सरकारनं जरा सविस्तर बोलावं.

बाबा : नशेतल्या माणसाचा हात कुठे जाईल, काय भरवसा?

ऋता : मग नशेत असेल तेव्हा बंदी घाला! दारू पिणाऱ्याची बंदूक कोणी कायमची काढून घेतं का? सकाळी शुद्धीवर असलेल्या सुतारानं काय पाप केलंय?

बाबा : चाप ओढल्यावर पुरावे गोळा करून उपयोग नसतो, ऋता. गेलेलं माणूस परत येत नाही.

आई : मुद्दा बरोबर आहे. (बाबांकडे बघत) विश्वास, तू पानं टाकतोयस आणि देठ ठेवतोयस.

ऋता : पण मिलेडी, सरकारला भीती वाटते एवढ्यावर दुसऱ्याचा हक्क जाणार? त्यानं काहीच केलेलं नसताना?

बाबा : हो, जाणार! जिथे कोणीही खिशात पिस्तूल घेऊन हिंडतो, तिथे जायचंच कशाला? इथे काय कमी आहे?

आई : सुतार कुठे निघालाय?

बाबा : म्हणजे... राहायचं कशाला, असं.

आई : तू 'जायचं' म्हणालास.

ऋता : शिकागोचं बोलतोयस ना, बाबा? फायनल जिंकले तर एक सत्र तिकडे शिकायला मिळणार, त्याबद्दल.

बाबा : त्यावर मी नाही म्हणून झालंय.

ऋता : माहितीये. आणि मी भांडले नाही. का सांगू? मलाही भीती वाटते. परवा तिकडच्या गोळीबाराची बातमी अर्धी वाचली आणि फोन पालथा ठेवला. तुझी भीती खोटी आहे असं मला म्हणताच येईना. पण मला जायचंय, बाबा. भीती वाटत असूनही जायचंय.

आई : विश्वास, सरकारला काही म्हणायचंय?

बाबा : न्यायाधीश मुलीला फितूर आहेत, एवढंच.

आई : मग निकाल ऐका. नशेत असताना सुतारानं बंदुकीला हात लावायचा नाही. शुद्धीवर असताना त्याची त्याला ठेवू द्यावी. सरकारची भीती खरी आहे, पण भीती म्हणजे पुरावा नव्हे.

ऋता : आणि शिकागो?

आई : तो खटला माझ्यापुढे नाही. तो सरकारनंच मिटवावा.

(बाबा टाकलेली पानं उचलून परत ताटात ठेवतात.)

बाबा : जानेवारीत तिकडे थंडी फार असते ना?

ऋता : बर्फ असतो. पण बाबा, फायनल अजून जिंकायचीय मला.

बाबा : ते तू बघ. गरम कोटाचं मी बघतो.