काकूंच्या पदरावरचा हिरवा डाग

इंदिरानगरच्या काकूंचं सांगितलंय ना मी तुम्हाला? नाही? मग चहा घ्या आणि ऐका.

वीसेक वर्षं झाली. आम्ही मैत्रिणी मिळून भिंतींवर चित्रं रंगवायचो. त्यात दोघी एकमेकींच्या जोडीदार, आणि आमची चंदा, जिला घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलं होतं. काकूंनी कंपाउंडची भिंत दिली खरी, पण चंदाकडे बघून रोज विचारायच्या, "ही कोण गं?"

आम्ही म्हणायचो, "आमचीच."

संक्रांतीला काकू हळदीकुंकवाचं तबक घेऊन थेट भिंतीपाशी आल्या. आम्ही पुढे झालो. चंदा मात्र गुपचूप शिडीवर चढून वेलीचं रंगवलेलंच हिरवं पान पुन्हा रंगवायला लागली.

"ए, खाली उतर!" काकू ओरडल्या.

ती उतरली. काकूंनी तिला निरखून पाहिलं.

"कपाळभर रंग! कुंकू लावू कुठे?" म्हणत त्यांनी कोऱ्या काळ्या साडीच्या पदराने तिचं कपाळ खसाखसा पुसलं, कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला.

मी म्हटलं, "अहो काकू, ऑइल पेंट आहे! डाग जायचा नाही."

"राहू दे. कुणी विचारलं तर सांगेन, आमच्याच पोरीचा आहे."