वरून खाली वाचलेली बाग

साहेब, वस्तीच्या बागेला नळ मागितला, तर तुम्ही आधी वेबसाइट मागितलीत. परवा तुमच्या खिडकीसमोर, रांगेत माझ्यापुढे बाग सांभाळणारा आमचा शिंपी आणि त्याची वहिनी उभे होते.

“भावजी, नळ का नाकारला?”

“बागेच्या वेबसाइटवर नवं लिहिलेलं वर येतं, जुनं खाली जातं, वहिनी. साहेबांनी वरून खाली वाचलं. आधी सुकलेले वेल, मग फुलं, शेवटी टवटवीत रोपं. म्हणाले, पाण्यावाचून बाग सुधारतेय की.”

“तारखा नव्हत्या?”

“पान देखणं दिसावं म्हणून मीच काढल्या.”

“पाठीवर खिसा लावणारे तुम्ही. तुमच्याकडून दुसरं काय व्हायचं?”

“खरंय. मी गाढव आहे, हे अर्जातच लिहून आणलंय.”

“आणि वेल?”

“फार तर चार दिवस तग धरतील.”

साहेब, आज तिसरा दिवस. पाणी कधी सोडताय?