गोलासमोरचा खड्डा

मी मूळचा शहागडचा, गोदावरीच्या काठचा. बाप हायवेवरच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांना खाटा टाकून द्यायचा, आम्ही पोरं त्या खाटांवरच वाढलो म्हणा. सोळाव्या वर्षी मामानं मला जालन्याला आणलं अन् तुमच्या आजोबांपुढं उभं केलं, म्हणला शेठजी, ह्याचे हात पहा, पहारीसाठीच झालेत. आजोबांनी हात पाहिलेच न्हाईत, फक्त विचारलं, भूक किती लागते? मी म्हणलं लई लागते. म्हणले मंग काम पण लई कर. तेव्हापासून मी मंडपाच्या कामावर आहे ताई, तीस-बत्तीस वर्षं झाली. तुमच्या आत्याच्या लग्नाचा मंडप मी बांधेल आहे, तुमच्या बारशाचा पण. तुम्ही तेव्हा रडून राह्यल्या होत्या, आतासारख्या गप बसून माझं लिहून घेत नव्हत्या.

काम काय तर खड्डा. लोकांना वरची झालर दिसते, लाइटिंग दिसते, पण मंडप उभा राहतो तो खड्ड्यावर. दीड हात खोल, पहारीनं घ्यायचा, बल्ली उभी करायची, बाजूनं दगड ठोकायचे. अन् मंडप सोडताना खड्डा मुरमानं भरायचा, पाणी मारायचं, ठोकायचं, परत मुरूम, परत ठोकायचं. काळी माती टाकायची न्हाई, ती वरून बराबर दिसते अन् आतून बसते. हे मला मामानं पहिल्याच दिवशी सांगेल होतं. म्हणून म्हणतो, माहीत नव्हतं असं काही न्हाई.

आता फुटबॉलचं सांगतो. दिवाळीत आपल्या टेकडीखालच्या मैदानावर फटाक्यांची दुकानं लागतात, ते काम आपल्याकडंच असतं. माझी पहिली दिवाळी, दुकानं निघाली, शेठजी म्हणले जाय खड्डे भर. मी खाली बसून खड्डा भरून राह्यलो अन् एकदम अंगावरनं दहा-पंधरा माणसं आरडत पळत गेली. मला वाटलं दंगल झाली. पहार घेऊन मी उभाच. तर एक गॅरेजवाला, हातभर ग्रीस लागलेलं, तो हसून राह्यला, म्हणतो अरे बाबा पहार रख नीचे, मॅच है. तो सलीमभाई. म्हणला इधर खडा रह मेरे बाजू में, ये टेकडी क्लब अपना है. मी विचारलं अपना म्हंजे कसा? म्हणला, चिल्लाएगा तो अपना.

तेव्हापासून चिल्लावून राह्यलो. सलीमभाई अन् मी, दोरीजवळ, पाण्याच्या टाकीच्या बाजूला, आमची जागा ठरेल होती. ताई, तुम्ही इंग्रजी शाळेतल्या, तुम्हाला ऑफसाइड कळत असंल, मला आजवर कळलं न्हाई. सलीमभाई आरडला की मी आरडतो. घरी बायको म्हणायची, आख्खी दिवाळी त्या मैदानावर काढता, त्या क्लबाला तुमचं नाव तरी माहीत आहे का? मी म्हणायचो नावाचं काय करायचंय, जागा माहीत आहे. खरं सांगतो, जालन्यात मला दुसरी जागा न्हाई. घर भाड्याचं, मंडप दुसऱ्याच्या लग्नाचा, आज बांधा उद्या सोडा. ती दोरीजवळची दोन फूट जागा तेवढी माझी होती. कुणी नवीन माणूस तिथं उभा राह्यला तर लोकच सांगायचे, सरक बाबा, नामदेवची जागा आहे.

तर मागच्या दिवाळीचं. दरसाल भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आपल्या मैदानावर सेमीफायनल असते, अन् त्या साली टेकडी कितीतरी वर्षांनी तिथवर आल्ती. समोर परतूरचा संघ. सर आहेत ना क्लबाचे, रिटायर झालेले पीटीचे, त्यांनी मला आधीच बोलावून सांगितलं होतं, नामदेव, मैदान आपलं म्हंजे जबाबदारी आपली, मैदान खराब म्हणून सामना थांबला तर पाहुण्या संघाला पुढं चाल मिळते, नियमच आहे. मी म्हणलं सर, बिलकुल काळजी करू नका.

पण त्या वर्षी दुकानांमधलं अंतर वाढवायला सांगितलं होतं, आग पसरू नये म्हणून. बराबरच आहे ते. पण त्याच्यानं दुकानांची ओळ लांबली अन् पार रेल्वेकडच्या गोलापुढं आली. एवढ्या वर्षांत मी गोलापुढं कधी पहार मारली नव्हती. मारताना हात जड झाला, खोटं न्हाई सांगत.

भाऊबीजेला सकाळपासून आम्ही दुकानं सोडून राह्यलो होतो. अन् माझी बहीण छबू वाटूरहून आल्ती. ती ओवाळल्याशिवाय तोंडात पाणी घेत न्हाई, लहानपणापासूनची सवय. दुपार झाली, तिचा फोन, दादा कधी येतो? आलोच. परत फोन. तिसरा फोन बायकोचा, म्हणली पोरगी चक्कर येऊन पडंल, तिची शेवटची गाडी जाईल, येता का खड्ड्यातच राहता? अन् तेवढ्यात ट्रॉलीतला मुरूम संपला. एकच खड्डा राह्यला होता, नेमका गोलापुढचा, खांबापासून डाव्या हाताला दोन पावलं. मी काय केलं, फटाक्याच्या लडीचं रिकामं खोकं पडेल होतं, ते दाबून आत कोंबलं, वरून दोन घमेले काळी माती टाकली, पायानं सारखी केली. म्हणलं सकाळी चुना मारायच्या आधी येऊ, मुरूम आणू, नीट भरू. अन् घरी गेलो. छबूनं ओवाळलं, मला म्हणली दादा तुझं ध्यान कुठं आहे.

सकाळी शेठजींचा फोन, शहागडला हरिनाम सप्ताहाचा मंडप वाऱ्यानं कलला, जल्दी नीघ, लोक खाली बसेल आहेत. त्यांना काय माहीत माझ्या खड्ड्याचं, मी सांगितलंच न्हाई. लाज वाटली. म्हणलं दुपारपर्यंत परत येतो. ते काम काही दुपारपर्यंत झालं न्हाई. तिथून सलीमभाईला फोन लावला, एकदा, दोनदा, पाचदा, तो मैदानावर, तिथं ढोल चालू, त्याला काय ऐकू येतंय. काळीपिवळीत बसून आलो तर अंबडच्या पुढं गाडी पंक्चर. मी खाली उतरून स्वतः टायर खोललं, ड्रायव्हर म्हणतो काका, घरी कुणी आजारी आहे का?

मैदानावर पोचलो तर सामना सुरू झालेला अन् टेकडीनं गोल मारेल होता. लोक नाचून राह्यले. सलीमभाईनं मला मिठी मारली, अन् मी त्याच्या खांद्यावरनं पाहतोय ते रेल्वेकडच्या गोलापुढं. माती तशीच, सारखी, वर पांढरा चुना. इतकी छान दिसून राह्यली होती ताई, काय सांगू तुम्हाला.

सलीमभाईच्या कानात सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणला, चुप. बिलकुल चुप. सर को बोलेगा तो मॅच गई. पहिल्या डावात ती आपली बाजू होती, गोलात आपला गणेश, कॅप्टन पण तोच. एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये भट्टीवर काम करतो, घरात कमावणारा एकटा. सलीमभाई म्हणला गणेश को बता दे बस, वो संभाल लेगा. मी गोलाच्या मागं गेलो, जाळीतून सांगितलं, गणेश, डाव्या हाताला दोन पावलं, पाय ठेवू नको, आत पोकळ आहे. त्यानं मागं न पाहता मान हलवली.

मंग मी सामना पाहिलाच न्हाई. बॉल कुठं आहे ठाऊक न्हाई, मी पाय पाहून राह्यलो होतो. आपले पाय, त्यांचे पाय. एकदा परतूरचा एक जण बॉल घेऊन सरळ आत आला, त्याचा बूट खड्ड्याच्या वीतभर बाजूला पडला. सगळे गोल वाचला म्हणून आरडले अन् मी सलीमभाईचं मनगट इतकं दाबलं की तो म्हणला छोड, हाथ टूटेगा मेरा. मी स्वतःलाच समजावून राह्यलो, वीस मिनिटं राह्यली, पंधरा राह्यली, मध्यंतराला पाणी प्यायला सगळे बाजूला आले की गुपचूप घमेलंभर मुरूम टाकून येऊ. पण मध्यंतराला रेफ्री अन् परतूरचे दोघं तिघं त्याच गोलाजवळ जाळी तपासत उभे. मी घमेलं घेऊन गेलो असतो तर सगळ्यांनाच कळलं असतं. घमेलं हातात धरून मी तसाच उभा.

इकडं आपली पोरं मोसंबीच्या फोडी चोखत बसेल होती. मी जवळ गेलो. गणेश पुढच्या पोरांना सांगून राह्यला होता, आता तिकडचा गोल त्यांचा. बॉल खांबाच्या बाजूनं टाका, सगळे तिकडूनच. त्यांचा कीपर बाहेर आला की आपोआप बसंल. अन् हसला. बाकीचे पण हसले, एक म्हणला, नामदेवकाकानं आधीच गोल करून ठेवलाय की.

मी म्हणलं गणेश, अरे पाय मोडंल माणसाचा. तो म्हणला काका, तुम्हीच तर सांगितलं. मला सांगितलं ना माझा पाय वाचवायला? मंग त्यांचं त्यांना कुणी सांगायचं, तुमचं काय जातंय? तो काही वाईट पोरगा न्हाई. भट्टीपुढं बारा-बारा तास उभा राहतो, एक फायनल खेळायची होती त्याला. मी सलीमभाईकडं पाहिलं. तो दुसरीकडं पाहून राह्यला होता.

शिट्टी झाली. परतूरचा कीपर, दाढीवाला, माझ्या मेव्हण्याच्या वयाचा, त्या गोलात जाऊन उभा राह्यला, हातमोजे थुंकीनं ओले करून राह्यला. वाटूर परतूरच्याच अंगाला, माझी छबू तिकडंच दिलेली. हा माणूस तिच्या गल्लीतला पण असू शकतो, काय सांगावं. आपल्या पोरांनी बॉल घेतला अन् खरंच त्या बाजूनं आली. एकदा टाकला, दाढीवाल्यानं जागेवरूनच धरला. दुसऱ्यांदा बॉल थोडा पुढं पडला, तो दोन पावलं बाहेर आला, तिसरं पाऊल उचललं, अन् मी दोरीखालून आत गेलो.

कसा गेलो माहीत न्हाई. थांबा थांबा आरडत गेलो. तो माझ्याकडं पाहून थबकला, बॉल जाळीत गेला, लोक नाचायला लागले, अन् रेफ्री शिट्टीवर शिट्टी. पोलीस आला, माझी कॉलर धरली. मी म्हणलं साहेब एक मिनिट, अन् खाली बसलो अन् त्या मातीत हात घातला. कोपरापर्यंत गेला. ते खोकं ओढून वर काढलं. रेफ्रीच्या पायापुढं ठेवलं.

रेफ्रीनं गोल धरला न्हाई. मैदान तपासायला लावलं, परतूरवाले म्हणले आता आम्ही इथं पाय ठेवत न्हाई, अजून कुठं काय असंल. बराबरच होतं त्यांचं. मी सांगत राह्यलो बाकीचे सगळे पक्के भरेल आहेत, आईची शपथ. कोण ऐकतंय. नियमाप्रमाणं परतूरला चाल दिली. सर माझ्याजवळ आले, आरडले न्हाईत. एवढंच म्हणले, काल सांगायचं होतं नामदेव. काल सांगितलं असतं तर मी स्वतः घमेलं उचललं असतं. हे मला लई लागलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या बाकीच्यांनी दिल्या. गणेशनं हातमोजे काढले अन् मिलच्या टेम्पोत बसून गेला, त्याची दुसरी पाळी होती.

दाढीवाला मात्र जाताना माझ्यासमोर थांबला. मला वाटलं आता हा मारतो. तो म्हणला, काका, पहिल्या डावात का न्हाई सांगितलं? आमचा पोरगा पण तिथूनच गेल्ता. लोक म्हणतात नामदेवनं माणूस वाचवला. मी म्हणतो अर्धा सामना मी त्याच माणसांचे पाय मोजत उभा होतो, ते पण लिहा.

बायकोला घरी सांगितलं, आता क्लबाला माझं नाव माहीत झालं. ती हसली न्हाई. जेवायला वाढलं.

वर्षभर मी दोरीजवळ गेलो न्हाई. तिथं आता दुसरा कुणीतरी उभा राहतो. मी रस्त्याच्या कडेला, कंपाउंडच्या बाहेरून पाहतो, तिथून अर्धंच मैदान दिसतं. सलीमभाई भेटतो, सलाम होतो, चहा होतो, सामन्याचं दोघं पण काढत न्हाई. आता परत दिवाळी आली, परत दुकानं लागली. शेठजी म्हणले होते, नामदेव, यंदा दुसऱ्याला पाठवू का? मी म्हणलं न्हाई, मीच जातो. यंदा ओळ परत गोलापुढूनच आहे. सरांना आधी बोलावून आणलं अन् एकेक जागा दाखवली, त्यांनी वहीवर नकाशा काढून घेतला. बोलावलं तर आले, हेच लई झालं.

परवा परत सेमीफायनल आहे. टेकडी परत आहे, गणेशच गोलात. उद्या भाऊबीज, छबूला सांगितलंय, यंदा मैदानावर येऊन ओवाळ, मी शेवटचा खड्डा ठोकल्याशिवाय हलणार न्हाई. ती म्हणली लोक हसतील. हसू दे. परवा मला दोरीजवळ कुणी उभं राहू देईल का न्हाई, ते मला सांगता येत न्हाई. जाऊन पाहीन. न्हाई म्हणले तर बाहेरून आरडीन, आवाज काही कंपाउंडला अडत न्हाई. पोरं जिंकोत बापडी. अन् परतूरवाल्या दाढीवाल्याचे पण हातपाय सलामत राहोत, जिथं खेळत असंल तिथं.