पालखी दारात येईल तेव्हा

हॅलो?

आज बांगडे नकोत, मावशी. उद्या या.

उजव्या हातात. उजव्या… बरं, डाव्या.

शिट्ट्या दोन झाल्या की तीन?

सोड. फोन सोड, तो खायचा नाही.

हॅलो, कोण… ताई? अहो, नंबर बघितलाच नाही, हात भाताचे आहेत. नम्रताच बोलतेय. दुसरं कोण असणार इथे?… नाही, नाही, ती दारात मासेवाली होती. आणि कुकर. आणि चिमा. सगळे एकदमच.

बोला ना… तुटतंय… ताई, तुटतंय. कुंपणाच्या गडग्यापाशी जाऊन बोला, तिथे रेंज येते… आता येतंय. हां. कोंबड्यासुद्धा ऐकू येताहेत.

चिमा बरी आहे… म्हणजे आहे तशीच आहे, पण बरी आहे. आज सकाळी तर तिने… हो, हो, बोला. तुमचं आधी.

शिमग्याचं?… माहितीये, गुरुवारी पालखी आपल्या वाडीत. आम्ही येणार नाही आहोत, मी सासूबाईंना सांगितलंय…

काय भरायची?

…मी?

देवीची ओटी मी भरायची?… थांबा, गॅस बंद करते… हां. परत सांगा.

…

नाही, आनंद म्हणजे… काय बोलू? चिमा झाल्यापासून पालखी दारात आली की मला आत पाठवतात. 'तू पोरीला बघ गो.' ओटी तुम्ही भरता, मी माजघरातून ढोल ऐकते. गेल्या वर्षी तेवढी हट्टाने पडवीत येऊन उभी राहिले… टोमणा नाही, ताई. तुम्ही मोठ्या जाऊबाई, मान तुमचाच आहे. मी एवढंच विचारतेय की यंदा काय झालं.

कोणाच्या सुनेला? सखारामकाकांच्या?… मुलगा झाला. अरे वा. चांगलं झालं. किती वर्षं वाट बघत होत्या काकू… हो. ऐकतेय.

…चिमामुळे?

ताई, चिमा बोलत नाही. पाचवं लागलंय तिला आणि अजून मला 'आई' म्हणत नाही. ती काकूंना काय सांगणार?

गेल्या शिमग्यात 'हूं' केलं. हो, केलं ना. फिट सुटताना दर वेळी करते. घशात लाळ असते, तिचा आवाज आहे तो… काकूंनी त्याच वेळी विचारलं असेल, सुनेला मूल होईल का म्हणून. विचारलं म्हणून नाही केलं तिने.

अहो, मी होते ना तिथे. माझ्याच कडेवर होती. पालखी अंगणात नाचत होती, ढोल अगदी कानाशी, आणि तिचे डोळे वर गेले. मला कळलं. तुम्हाला सगळ्यांना वाटलं, अंगात आलं. कुणीतरी तिला माझ्याकडून ओढून घेतली, पाटावर ठेवली, कपाळभर कुंकू… फिट आली की नाकात मारायचा तो स्प्रे, तो पिशवीत. पिशवी माजघरात. आणि मध्ये सगळी वाडी पाया पडायला वाकलेली. माझा दंड कोणी धरला होता, ताई?… तुम्हीच. 'देवीला शिवू नको' म्हणालात.

…माहितीये. वाईट मनाने नाही धरलात. तुम्हीही घाबरला होतात, मला कळत होतं ते.

पण त्याच बायका ना या? एरवी तिची वाटी वेगळी ठेवणाऱ्या. लग्नात तिला घेऊन बसले तर हळूच दोन खुर्च्या पलीकडे सरकणाऱ्या. त्या दिवशी एकेकीने तिचे तळवे डोळ्यांना लावले. तिला एवढ्या माणसांनी एकदम हात लावलेला मी कधी बघितला नव्हता… नाही, रागावून नाही सांगत. मला ते आठवतं, एवढंच.

थांबा.

चिमा. चिमा, इकडे बघ. इकडे, बाळा.

…

हं. काही नाही, ताई. मध्येच शून्यात बघत राहते. आली परत… औषध देते हो, दोन्ही वेळा. न चुकता. तुम्ही बोला.

पाटावर बसवायची. पालखीसमोर… हिरवं परकर-पोलकं. बरं… आणि शेजारी मी, ओटी घेऊन… आणि ढोल?… भास्करभाऊजी सांगतील त्यांना, लांब वाजवा म्हणून. बरं. आणि स्प्रे मी हातात ठेवायचा. बरं… सगळा विचार केलाय की तुम्ही.

आणि नाही आली फिट, तर?

…

ताई?

…आहे मी.

नाही, विचारतेय. ढोल लांब, ती शांत पाटावर बसली, भाताकडे बघत बसली, तर काकूंचं काय? ज्या येणार आहेत विचारायला, त्यांचं काय?

…म्हणजे तुम्हाला ती यायलाच हवीय.

तसं म्हणाला नाहीत. बरोबर. तसं कुणीच म्हणणार नाही.

अहो, डॉक्टरांनी सांगितलंय, ढोल, जागरण, ताप, यांपासून लांब ठेवा. प्रत्येक मोठी फिट येऊन गेली की ती थोडी मागे जाते. गेल्या शिमग्याआधी मान धरून बसायला लागली होती. आठवतंय?… कसं आठवेल, तुम्ही बघितलीच नव्हती. शिमग्यानंतर परत पहिल्यापासून. उशा लावून. पावसाळा संपेपर्यंत.

कोण हो म्हणालं?

…

दीपक?

कधी?… रविवारी? रविवारी तो माझ्याशीही बोलला. गाडीला गर्दी आहे म्हणाला, चाकरमानी सगळे एकाच दिवशी निघतात म्हणाला. हे नाही म्हणाला.

…

नाही, आहे मी फोनवर.

त्याला काय, तिकडे मुंबईत बसून हो म्हणतो. बाप असून त्याने तिची मोठी फिट बघितलीच नाहीये, ताई. तो चार दिवस येतो, तेव्हा नेमकी येत नाही. आणि गेल्या वर्षी पालखी त्याच्या खांद्यावर, पाठ आमच्याकडे… नाही, तुम्ही कशाला सांगताय? मी सांगेन. किंवा सांगा तुम्हीच. तुमचं ऐकतो तो.

कळतंय मला. तुमच्यावरही येणार. सासूबाई बोलतील, मानकरी बोलतील, घरातली देवी घरात नाही म्हणतील. सगळं माझ्यावर ढकला. सांगा, नम्रता नाही म्हणाली… हो, पुढच्या वर्षी मला कोणी विचारणार नाही. नको विचारू दे. ओटी तुम्हीच भरा, ताई. तुम्हाला छान जमते. नारळ घसरत नाही तुमचा.

…मला नको होती असं कुठे म्हटलं?

हवी होती. ती हिरवी साडी मी अजून नेसलेली नाही. पण अशी नको.

…नाही, रडत नाहीये. चिमा पदर ओढतेय.

इथे शहरात कोण आहे? कोणी नाही. शेजारची यायची आधी, तिच्या मुलीला घेऊन. एकदा तिच्यासमोर फिट आली. आता गॅलरीतून हात करते. चांगली आहे, हात तरी करते. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, चालायला लागली की आणा. आम्ही संध्याकाळी मांडवीला जाऊन बसतो दोघी. तिला लाटा आवडतात. लाट आली की पाय आपटते.

ताई, तुम्हीच या ना. शिमगा आटोपला की. एक दिवस. नुसत्या या. तिला बघायला… देवी नको, तशीच बघायला. भाट्याला जाऊ, तुम्हाला सुरूचं बन आवडायचं ना…

हो. काजू आहेत… हो, मग आंबे. कामाला माणूस मिळत नाही, माहितीये… पावसाआधी बघते म्हणजे, ताई…

बरं. बघा.

नाही, ठेवू नका लगेच. मघापासून एक सांगायचं राहतंय. मोठं काही नाही. दीपकला फोन लावला, तो कामावर, उचलला नाही. मग म्हटलं कुणाला… आज सकाळी ना, मी हिला पेज भरवायला बसले, आणि…

हॅलो?

ताई? गडग्यापासून हललात का?

…

हॅलो?… मी पुढे सांगू का? ऐकू येतंय का?

…

गेला.

चिमाने चमचा स्वतःच्या हाताने तोंडात घातला. डाव्या.