लावून न बघितलेली किल्ली

नाही, तुम्हीच सांगा, ज्याने स्वतःच्या कमाईतून घर घेतलं, ज्याचं नाव अजून दारावरच्या पाटीवर आहे, त्या माणसाकडे त्याच दाराची किल्ली नसावी? नाही माझ्याकडे. खिसे बघा हवं तर. रुमाल आहे, चष्म्याचं घर आहे, खोकल्याची गोळी आहे, किल्ली नाही. बायकोकडे आहे, मुलीकडे आहे, समोरच्या शिंपीणबाईंकडेसुद्धा आहे, आणि मी, घरातला कर्ता पुरुष, बेल वाजवून उभा राहतो. आणि हे सगळं कशापायी, तर आमच्या धाकटीला डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हायचं होतं!

तुम्हाला सांगतो, हे नाव घेताना मला अजून मधे एकदा दम खावा लागतो. ती हॉस्पिटलात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या खोलीत बसायची. कुणाचा कॉम्प्युटर अडला की ही जाऊन बंद करायची, परत चालू करायची, लोक आभार मानायचे. बरं चाललं होतं की! पण तिथे एक खुर्ची रिकामी होणार होती आणि हिचा जीव त्या खुर्चीत अडकला. मी म्हटलं, असतं काय त्या खुर्चीत? तर म्हणे, सगळ्या पेशंटची माहिती एका ठिकाणी साठवलेली असते, कुणाचा रक्तगट काय, कुणाला कुठलं औषध सोसत नाही, ती नीट आहे ना, नको तो माणूस तिला हात लावत नाही ना, उद्या यंत्र जळालं तर दुसरी प्रत तयार आहे ना, हे सांभाळणारं एक माणूस लागतं. मागच्या वेळी तिने अर्ज केला, तर तुम्ही फार भाबड्या आहात म्हणून परत पाठवली. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली पोर. मला फार लागलं ते. अहो, मी जन्मभर बसमध्ये तिकीट तपासनीस! मला बघून माणूस खिडकीबाहेर बघायला लागला की मी ओळखायचो, याच्याकडे तिकीट नाही. संशय हा आमच्या घरचा धंदा, आणि माझी मुलगी भाबडी?

मग तिने मनावर घेतलं. पुस्तकं आणली, परीक्षा दिल्या, सर्टिफिकेटं आली, ते ठीक. पण खरा अभ्यास काय, तर कशावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही. हिची आई म्हणाली, गॅस बंद केलाय, तर ही ताटावरून उठून, "विश्वास आहे आई, पण बघितलंस का?" मी म्हटलं, टाकी भरली, तर शिडी लावून वर... "विश्वास आहे बाबा, पण बघितलंत का?" झाकण उचलून आत हात घालून यायची. आणि हक्क! ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढाच हक्क म्हणे. गोडाच्या डब्यावर आईला सगळे हक्क. मला साखरेचं दुखणं, म्हणून फक्त बघायचा हक्क. डबा बघून कुणाचं पोट भरलंय? एकदा दुपारी झाकण जरासंच सरकवलं, तर संध्याकाळी चौकशी, डबा कुणी उघडला? मी असाच खिडकीबाहेर बघत बसलो. तर म्हणते, बाबा, खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाबद्दल तुम्हीच मला काय शिकवलंय?

अशात पुन्हा मुलाखतीचा दिवस उगवला. मी दाढीला बसलेलो, एक गाल झालेला, दुसऱ्यावर साबण. हिची आई भाजी निवडतेय. धाकटीचे कपडे इस्त्री करून खुर्चीवर, सर्टिफिकेटांची फाइल टेबलावर. सगळं कसं वेळेत. आणि पोरीने विचारलं, आपली जादा किल्ली कुठे असते? मी म्हटलं, शिंपीणबाईंकडे, खिळ्याला टांगलेली, कित्येक वर्षं. चालते का? न चालायला काय झालंय, मुद्दाम करून घेतलीय!

"विश्वास आहे बाबा, पण लावून बघितलीत का?"

झालं. निघालो सगळे बाहेर. मी साबणासकट, बायको हातात भाजीची जुडी घेऊन. आमचं दार ओढलं की आपोआप लागतं, म्हणून मी शहाण्यासारखी खरी किल्ली खिशात टाकली, तर ही म्हणते, नाही, ती आत ठेवा. का? तर खरी किल्ली खिशात ठेवून घेतलेली चाचणी ही चाचणीच नव्हे म्हणे. गॅस बंद आहे का बघितलं, नळ बंद आहे का बघितलं, सगळं बघितलं हो पोरीने. किल्ली आत हुकाला लावली आणि दार ओढलं.

शिंपीणबाईंनी किल्ली आणून दिली. आत गेली, फिरेना. उलटी लावली, जाईना. तेल घातलं, हलवली, फुंकर मारली... त्या किल्लीवाल्याने काय कापलं होतं देव जाणे! त्याने करून दिली, आम्ही घेतली, बाईंनी टांगली, आणि इतकी वर्षं आम्ही सगळे तिच्या जिवावर बिनघोर झोपलो, एकानेही तिला दाराला म्हणून लावली नाही. धाकटी तिथेच जिन्यात मटकन बसली. म्हणाली, बाबा, गेलं सगळं. तिचा चेहरा बघवेना मला. पण शिंपीणबाई खमक्या. त्यांनी कुणा गिऱ्हाइकाचा शिवायला घेतलेला कोट हिच्या घरच्या कपड्यांवर चढवला, एका बाहीला अजून पांढरा कच्चा टाका, पाठीवर खडूच्या खुणा, पायांत घरातल्या सपाता. टॉवेलने माझा गाल पुसला. बायको कुलूपवाल्याची वाट बघत थांबली आणि मी अर्ध्या दाढीचा, पोरीबरोबर निघालो. एकटीला कसं पाठवणार?

हॉस्पिटलात मी खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. आत मोठ्या बाई, चष्मा दोरीला लावलेला, आवाज बारीक, बोलणं तोलूनमापून. आता गंमत बघा, एवढी माहिती जपणारी माणसं, आणि त्यांच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे फटीतून मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. मी काही कान लावला नव्हता... बरं, लावला होता. आधी एक टायवाला गेला. बाईंनी विचारलं, तुमच्या हातून आजवर काय बुडालंय? तो म्हणाला, माझ्या हातून? कधीच काही नाही मॅडम. मागून एक जाड फाइलवाल्या ताई, त्यांचंही तेच. मी म्हटलं, संपलं, यांच्यापुढे आमची सपातावाली काय टिकणार?

धाकटीला तोच प्रश्न. तिने एकदा पायांतल्या सपातांकडे बघितलं. मग म्हणाली, "घर."

"कधी?"

"आज सकाळी."

मग सांगितलं तिने सगळं, किल्ली, खिळा, कच्चा टाका, काही लपवलं नाही. मी बाहेर डोक्याला हात लावून बसलो. बाईंनी विचारलं, किल्ली चालते असं सांगितलं कुणी? म्हणाली, बाबांनी. त्यांच्यावर विश्वास नाही तुमचा? आणि तुम्हाला सांगतो, मी बाकावर सरकत सरकत पार दाराच्या फटीशी आलो.

"आहे," ती म्हणाली. "बाबांवर आहे. किल्लीवर नव्हता. आणि माझंही चुकलं. चाचणी राहत्या घरावर करायला नको होती, खरी किल्ली आत ठेवून तर मुळीच नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ज्याचं कधी काही बुडालं नाही, त्याने एकतर काही सांभाळलेलं नसतं नाहीतर काही तपासलेलं नसतं, तुम्ही एक तारखेपासून रुजू व्हा. आणि वर म्हणाल्या, बाहेर जे अर्ध्या दाढीचे गृहस्थ दाराला कान लावून बसलेत, ते कोण, याची तेवढी खात्री करून घ्या. मी पटकन खिडकीबाहेर बघायला लागलो.

तर मिळाली खुर्ची! माझी मुलगी आता साऱ्या हॉस्पिटलची माहिती सांभाळते, आणि खोटं कशाला बोलू, मला भारी वाटतं. पण कुलूपवाल्याने नवं कुलूप बसवलं, त्याच्या किल्ल्या केल्या, हिने एकेक दाराला लावून बघितली, आणि वाटल्या. आईला दिली, शिंपीणबाईंना दिली. माझा हात पुढेच राहिला. मला म्हणते, बाबा, तुम्ही दिवसभर घरातच असता, तुमच्या कामाला किल्ली लागत नाही, तुम्हाला बेल वाजवायचा हक्क आहे. कमी का आहे?

म्हणून आता मी बेल वाजवतो. आतून विचारतात, कोण? मी म्हणतो, अगं, मी आहे, बाबा.

"विश्वास आहे बाबा, पण जरा दाराच्या भोकासमोर या, बघू दे."

जातो. चष्मा काढतो, मान वर करतो आणि उभा राहतो... बिनतिकिटाचा.